ताटाळ्यातलं गाणं

आमच्या घरात एक मनुष्य आहे, त्याला सगळे नातेवाईक ‘मार्केटिंग’ म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तो खूश होतो. टोमणा कळायला समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष असावं लागतं. ह्याचं सगळं लक्ष आपल्या पुढच्या वाक्याकडे असतं. हा मनुष्य माझा नवरा आहे. त्यामुळे त्याच्याविषयी जे काही वाईट बोलायचं त्यावर पहिला हक्क माझा, आणि तो मी आज बजावणार आहे.

हे पाण्याचे फिल्टर विकतात. लग्न झालं तेव्हाही विकत होते, अजूनही विकतात. काम वाईट नाही, त्यात मेहनत आहे आणि पुष्कळ जिने आहेत. पण ह्यांनी त्या कामाची विद्या करून टाकली आहे. ह्यांची पद्धत अशी: लोकांच्या घरात शिरायचं, काचेच्या भांड्यात नळाचं पाणी घ्यायचं, त्यात निळ्या शाईचे थेंब टाकायचे, घरच्या बाईला ‘ई’ म्हणू द्यायचं आणि मग ते पाणी फिल्टरमधून काढून स्वच्छ करून दाखवायचं. आता नळातून शाई कोणाच्याच घरी येत नाही. हे मी लग्न झाल्या झाल्या विचारलं होतं. तेव्हा हे म्हणाले, “लोक पाणी घेत नाहीत गं, फरक घेतात.” कंपनीच्या कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं वाक्य आहे. तेव्हापासून ते आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलं आहे. मी मात्र पाणी उकळून पिते.

ह्यांचं दुसरं तत्त्व म्हणजे विकणाऱ्याने मालाच्या प्रेमात पडायचं नाही. “मालाच्या प्रेमात पडला तो संपला. त्याला मग दोष दिसायला लागतात.” ह्या तत्त्वामुळे ह्यांनी आपल्या फिल्टरचं माहितीपत्रकसुद्धा कधी पूर्ण वाचलेलं नाही. एकदा एका शिक्षकांनी भर बैठकीत विचारलं की आत नेमकं काय असतं, तर हे म्हणाले, “तंत्रज्ञान.” शिक्षकांनी फिल्टर घेतला. जगात अशी माणसं आहेत म्हणून आमची चूल पेटते, हे मला मान्य आहे.

ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, अगदी उलट. ते चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतात. दिवसभर मशीनच्या घरघरीत बसायचं आणि कोणाला तरी नीट दिसेल एवढंच बघायचं. जवळच एक खोली घेऊन राहतात, रात्रीचं जेवायला आमच्याकडे येतात, आणि जेवताना मीठ मागायलाही लाजतात. पण हातात गिटार आली की ह्याच माणसाचा आवाज निघतो, आणि तो छान निघतो. त्यांनी आणखी दोघांना घेऊन बँड काढला आहे. ड्रमवर एक लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि दुसरी गिटार वाजवायला औषधाच्या दुकानातली एक मुलगी. लिफ्टवाल्याच्या गोदामात सराव चालायचा. भिंतीपलीकडून शेजारी धपाधप बुक्के मारायचे, म्हणून बँडचं नाव ठेवलं ‘पलीकडचे’. हे नाव ऐकून आमच्या मार्केटिंगने कपाळाला हात लावला. “ह्यात ताकद कुठे आहे?” हे म्हणाले. ह्यांना नावात वीज किंवा वादळ हवं होतं.

मागच्या वर्षी भाऊजींनी साठवलेले पैसे मोडून एक गाणं नीट स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं आणि गाणी ऐकायच्या एका साईटवर टाकलं. टाकलं त्या दिवशी जेवण झाल्यावर माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आले. म्हणाले, “वहिनी, हे गाणं दादाबद्दल आहे. त्याला सांगू नका. त्याने ऐकलं की कळेलच.”

मी दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. दुसऱ्या दिवशी आत कोणाची तरी दाढ कोरणं चाललं होतं, तेव्हा कानाला इअरफोन लावून मी ते गाणं ऐकलं. ऐकून मला चक्क नवऱ्याबद्दल बरं वाटलं. ही भावना मला सवयीची नाही, म्हणून खात्री करायला परत ऐकलं. परत तसंच झालं.

संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांना विचारलं, “भाऊजींचं गाणं ऐकलंत?”

“लिंक आली. सगळ्यांना फॉरवर्ड केली.”

“अहो, ऐकलंत का?”

“अगं, केली म्हणतोय ना फॉरवर्ड!”

भाऊजी त्यानंतर रोज जेवायला यायचे आणि ताटावर बसल्या बसल्या भावाच्या तोंडाकडे बघायचे. विचारायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही. एरवी त्या माणसाला काही म्हणजे काही नको होतं. टाळ्या, स्टेज, नाव, हे सगळं मिळालं तर मिळालं. पण दादाने ऐकावं आणि ऐकून आपण होऊन काहीतरी बोलावं, एवढीच इच्छा होती. आणि दादा रोज वाढून घेताना विचारायचा, “काय रे, आकडा किती झाला?”

कारण एव्हाना ह्यांनी बँडचं प्रमोशन हाती घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. पण भाऊ गाणं काढतो आणि आपण घरात मार्केटिंगवाले असून नुसते बसतो, हे ह्यांच्या मनाला लागलं असावं. बँडकडे पैसे नव्हते, आमच्याकडेही उतू जात नव्हते. हे म्हणाले, “बजेट लहान असलं की डोकं मोठं लागतं.” डोकं आहेच, असं गृहीत धरून सगळे गप्प बसले.

मोठ्या डोक्यातून पहिली गोष्ट निघाली ती स्टिकर. मोबाईलने स्कॅन केलं की गाणं उघडतं, तसल्या काळ्या चौकटीचे स्टिकर ह्यांनी छापून आणले आणि आपण बसवलेल्या प्रत्येक फिल्टरवर, अगदी तोटीच्या वर, चिकटवायला सुरुवात केली. कल्पना अशी की बाई पाणी भरायला येणार, भांडं भरेपर्यंत तिला काही काम नाही, ती स्कॅन करणार. बायकांनी केलंही स्कॅन. पण फिल्टरवर चिकटवलेला स्टिकर तक्रारीसाठीच असणार, असं कोणालाही वाटेल. त्यामुळे भाऊजींच्या गाण्याखाली अभिप्राय येऊ लागले ते असे: “कधीपासून गळतंय, माणूस पाठवा.” “चव बदलली आहे.” “दोनदा फोन केला, उचलत नाही.” एका बाईने तर रागारागाने लिहिलं होतं, “आधी बोलताना गोड, नंतर कोणी विचारत नाही.” तेवढं एक वाचून औषधाच्या दुकानातल्या मुलीला वाटलं की कोणीतरी गाणं मनापासून ऐकलं.

मी हे ह्यांना दाखवलं. ह्यांचा चेहरा फुलला. “बघ, लोक व्यक्त होताहेत!”

“फिल्टर गळतोय म्हणून व्यक्त होताहेत.”

“साईटला काय कळतंय कशाबद्दल? अभिप्राय तो अभिप्राय.”

दुसरी गोष्ट म्हणजे नातेवाईक. मावशी, आत्या, मामा, त्यांच्या सुना, जावई अशा सगळ्यांना ह्यांनी एका ग्रुपमध्ये कोंडलं. आमच्या नातेवाईकांचं कौतुक काय सांगावं! गाणं ग्रुपवर पडायचा अवकाश, की खाली बदाम, अंगठे आणि जोडलेले हात यांचा ढीग. गाणं सुरू होऊन पहिला शब्द यायलाही थोडा वेळ लागतो, तेवढ्यात ह्या मंडळींचं कौतुक करून झालेलंही असायचं. आत्यांनी लिहिलं, “अप्रतिम आवाज, डोळे पाणावले.” त्यांचे डोळे पाणावतात ते मोतीबिंदूने. मामांनी लिहिलं, “घराण्याचं नाव काढलंस.” घराण्याला काय नाव आहे ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलेलं नाही. मी नंतर एकेकीला फोन करून सहज विचारलं की गाणं कसं वाटलं, तर मावशी म्हणाल्या, “छानच गं, चाल जुन्या वळणाची आहे.” चाल अजिबात जुन्या वळणाची नाही.

हे असं चाललं होतं आणि भाऊजी रोज तोंडाकडे बघत होते. मग एक खरी गोष्ट घडली. त्यात मार्केटिंगचा काडीचा हात नव्हता, हे मी मुद्दाम सांगते.

चष्म्याच्या दुकानात एक बाई आल्या. नवा चष्मा नाकावरून घसरतो, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या माणसाने त्यांना मागच्या खोलीत पाठवलं. भाऊजी त्यांच्या चष्म्याच्या काड्या गरम करून वाकवत होते आणि वाकवता वाकवता गुणगुणत होते. बाईंनी विचारलं, “हे कोणाचं गाणं?” भाऊजी इतके लाजले की त्यांनी आधी कोणाचंच नाही म्हणून सांगितलं. मग खरं सांगितलं. तर त्या निघाल्या थिएटरवाल्या बाई. शहरातलं ते छोटं, जुन्या खुर्च्यांचं थिएटर त्याच चालवतात आणि दर हंगामाला तीन नव्या बँडना स्टेज देतात. जाहिरात करत नाहीत, अर्ज मागवत नाहीत. कोणी सांगितलं की गाणं स्वतः ऐकतात. बाई म्हणाल्या, “लिंक पाठवा. रविवारी सकाळी मी ऐकायला बसते.”

त्या दिवशी भाऊजींनी जेवताना पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “दादा, स्टेज मिळालं तर तू पहिल्या रांगेत बसायचंस.” मला लगेच कळलं ते काय म्हणताहेत. फोनमध्ये नाही तर नाही, खुर्चीत बसवून तरी दादाला ऐकवता येईल, फोन आत ठेवायला लावून. एवढा लांबचा विचार करून ठेवला होता बिचाऱ्याने.

ह्यांनी हातातला घास तसाच ठेवला. “किती आहे आत्ता आकडा?”

“काही शेकड्यांत आहे.”

“शेकड्यांत? अरे, बाईंनी उघडलं आणि शेकड्यांत आकडा दिसला तर त्या पुढे ऐकतील तरी का?”

“दादा, त्या ऐकणार आहेत. मोजणार नाहीत.”

“ऐकतं कोण रे हल्ली? आधी आकडा बघतात, मग ठरवतात की ऐकावं की नाही. तू काचा घास, हे माझ्यावर सोड.” ह्यांच्यावर जे जे सोडलं गेलं आहे, त्याचं काय झालं ते मी पाहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ओट्यावर ताटं, वाट्या, झाकण्या यांचा ढिगारा. आणि ताटाळ्यात, जिथे ताटं उभी राहतात त्या प्रत्येक खाचेत, एकेक मोबाईल उभा. जुने, काच तडकलेले, मागचं झाकण रबराने बांधलेले, कोणाच्या तरी कपाटाच्या तळाशी पडलेले. ह्यांनी दिवसभर सगळ्या नातेवाईकांकडे फिरून ते गोळा केले होते. सगळ्यांना वायरी लावलेल्या, सगळ्या वायरी एका पट्टीत, आणि सगळ्या मोबाईलवर भाऊजींचं गाणं चालू. संपलं की परत पहिल्यापासून. स्वयंपाकघरात मात्र चिडीचूप शांतता. एकाही मोबाईलचा आवाज चालू नव्हता.

“आवाज?” मी विचारलं.

“आवाज कशाला? डोकं उठेल सगळ्यांचं. आकडा फिरल्याशी मतलब.”

“आणि मी ताटं कुठे ठेवू?”

“अगं, रविवारपर्यंतच.”

नातेवाईकांना ह्यांनी नुसतेच जुने मोबाईल मागितले नव्हते, घरच्या घरीही तेच करायला लावलं होतं. ज्याच्याकडे जास्त वेळा वाजेल त्याला फिल्टरची आतली कॅन्डल फुकट, असं बक्षीस जाहीर केलं. मग तर अहमहमिका लागली. कौतुक करायला एका बोटाच्या वर कष्ट न घेणारी ही माणसं, फुकट कॅन्डलसाठी कंबर कसून उभी राहिली. मावशींचा मोबाईल तापायला लागला, म्हणून त्यांनी तो फ्रिजमध्ये ठेवला, दार उघडं राहिलं, दूध नासलं. मामांच्या मोबाईलची बॅटरी फुगली. आत्या दर दोन तासांनी ग्रुपवर आपला आकडा टाकायच्या आणि खाली “सर्व त्याच्या कलेसाठी” असं लिहायच्या. माझ्या सासूबाईंनी आपला मोबाईल टॉवेलांच्या खणात टॉवेलाच्या घडीत घालून ठेवला होता, कारण उजेडाने त्यांना दुपारची झोप लागत नव्हती. मी म्हटलं, “आई, तुमच्या धाकट्याचं गाणं आहे, आवाज मोठा करून एकदा ऐका तरी.” त्या म्हणाल्या, “थोरल्याने सांगितलंय हात लावू नका म्हणून. मध्येच थांबलं तर मोजत नाहीत म्हणे.”

भाऊजी जेवायला आले आणि ताटाळ्यासमोर उभे राहिले. डझनभराहून जास्त पडद्यांवर त्यांच्या बँडचं तेच चित्र, तीच रेघ पुढे सरकते आहे, आणि ऐकू काहीच येत नाही. ते बराच वेळ बघत राहिले.

“दादा, हे बंद कर.”

“वेडा आहेस का? आकडा बघ आधी!” ह्यांनी त्यांच्या नाकासमोर फोन धरला. आकडा खरोखरच फुगला होता, मामांच्या बॅटरीसारखा.

“दादा, तू एकदा तरी ऐकलंस का रे?”

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. आता तरी, असं मला वाटलं.

हे हसले. प्रेमाने हसले, हे मुद्दाम सांगते, कारण प्रेम नाही असं नाही. भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “अरे, घरातला एवढा मोठा हिट मी ऐकणार नाही होय? एकदा सगळं मार्गी लागू दे. निवांत ऐकू.” भाऊजींनी मान खाली घातली. मी ओट्यावरच्या ढिगाऱ्यातून ताटं शोधून वाढायला घेतलं.

रविवारी सकाळी सगळे आमच्याकडे जमले होते. आम्ही चौघं, म्हणजे हे, मी, सासूबाई आणि भाऊजी. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाई फोनवर शर्ट बघणार असल्यासारखा. फोन वाजला. ह्यांनी तो भाऊजींच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. एवढा एकच आवाज चालू होता त्या आठवड्यात.

“तुमची लिंक उघडत नाही,” थिएटरवाल्या बाई म्हणाल्या. “तिथे लिहिलंय की बनावट पद्धतीने वाजवल्याच्या कारणावरून हे गाणं काढून टाकलं आहे.”

ह्यांनी आपल्या फोनवर घाईघाईने बघितलं. खरंच गाणं नव्हतं. एकाच घरच्या इंटरनेटवरून, एकाच वेळी, दिवसरात्र, आवाज बंद ठेवून कोणी गाणं ऐकत नसतं, एवढं साईटला कळत होतं. ताटाळ्यातले मोबाईल मागे स्वयंपाकघरात नुसतेच उजेड पाडत उभे होते.

“मी फाईल पाठवू का?” भाऊजींनी विचारलं.

“नको,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, तेच जास्त वाईट. “मागच्या हंगामात आम्ही असेच फसलो. बँडचा आकडा लाखांत आणि थिएटरमध्ये वीस माणसं. तेव्हापासून नियम केलाय, असं काही दिसलं की पुढे जायचं नाही. मला तुमचा आकडा नकोच होता हो. मी नुसती ऐकायला बसले होते.”

“हो,” भाऊजी म्हणाले.

“हे तुम्ही केलंत?”

भाऊजींनी भावाकडे बघितलं. भावाने खिडकीबाहेर बघितलं. एरवी ज्या माणसाचं तोंड झोपेतही बंद होत नाही, त्याची त्या वेळी दातखीळ बसली होती.

“हो,” भाऊजी म्हणाले, “आमच्याकडूनच झालं.”

“काम तर तुम्ही इतकं नीट करता,” बाई म्हणाल्या. “चष्मा अजिबात घसरत नाही आता.” आणि त्यांनी फोन ठेवला.

मला त्या क्षणी नवऱ्याची इतकी चीड आली की मी उठून ताटाळ्यातले सगळे मोबाईल उपटले आणि टोपलीत भरले. वायरी तुटल्या असतील तर असोत. ह्यांना मात्र तोवर वाचा फुटली होती. सासूबाईंना ते समजावत होते की साईटवाल्यांचे आतून लागेबांधे असतात, नवीन माणूस वर आला की त्यांना बघवत नाही, आणि बाईंचाही काही भरवसा नाही, थिएटर छोटं आहे, खुर्च्या मोडक्या आहेत, गेलं ते बरंच झालं. काखा वर करायला ह्यांना कोणी शिकवावं लागत नाही. भाऊजी खुर्चीवर बसून आपल्या शर्टाच्या बाहीची घडी घालत होते, उलगडत होते.

मग ह्यांनी चुटकी वाजवली. ह्यांनी चुटकी वाजवली की मला ब्लडप्रेशरची गोळी आठवते.

“व्हिडिओ!” हे म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. इथेच, स्वयंपाकघरात. लोकांना हल्ली साधेपणा लागतो. मागे भांडी, ओटा, आईला बसवू बाजूला. बजेट शून्य! अरे, हे आधीच सुचायला हवं होतं.”

मी म्हणणार होते की आता पुरे करा. पण भाऊजी उठले. माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, म्हणजे असू द्या, वहिनी. आणि भावाला म्हणाले, “बरं. पण दादा, तू समोर बस. माझ्यासमोर.”

“समोरच बसणार की! शूट कोण करणार?”

भाऊजींनी गिटार काढली. ओट्याला टेकून उभे राहिले. हे पुढ्यात स्टुलावर बसले, दोन्ही हातांत मोबाईल. एकदा आडवा धरला, एकदा उभा. “डावीकडे सरक, तोंडावर सावली येते आहे. हं. सुरू कर.”

भाऊजी गायला लागले. एक मोठा भाऊ आहे, धाकट्याला सायकलवर पुढे बसवून गाण्याच्या क्लासला नेतो. फी एकाचीच परवडते, म्हणून धाकटा आत जातो आणि मोठा बाहेर पायरीवर सायकल धरून बसतो. परत येताना धाकट्याला आठवत नाही आज काय शिकवलं. मोठा पायडल मारता मारता ते सगळंच्या सगळं शीळ घालून दाखवतो, एक सूर इकडेतिकडे नाही. कडवं संपतं तिथे ओळ आहे: ‘पायरीवर बसून त्याला जे आलं, ते मला आत बसून नाही आलं.’

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. टॉवेलांच्या खणात आठवडाभर जे मुकं पडलं होतं, ते त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडत होतं. त्यांना पहिल्याच ओळीला कळलं होतं. कळणारच, ती सायकल त्यांनीच विकली होती, मोठा नोकरीला लागला तेव्हा. त्या म्हणाल्या, “अरे, हा तर आपला—”

“शूऽऽ!” हे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “आई, आवाज जातोय आत.”

सासूबाई गप्प बसल्या. मीही बसले. मला सांगायचं नाही म्हणून बजावलेलं होतं, आणि सांगून कळण्यात काय अर्थ होता? भाऊजी एकटक भावाकडे बघून गात होते. भाऊ पडद्यावरच्या भाऊजींकडे बघत होता. मध्ये एकदा त्याने मोबाईल जरा वर उचलला, कारण मागे तेलाची बाटली दिसत होती. पुढच्या कडव्यात मोठा भाऊ घरोघर फिरायला लागतो, शीळ घालायचं बंद होतं, आणि धाकटा विचारतो की ती कुठे ठेवलीस. तिथे भाऊजींचा आवाज कापला. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं संसार केला, पण त्या तोंडावर काहीतरी हलावं म्हणून इतक्या आशेने मी कधी बघितलं नव्हतं.

गाणं संपलं. भाऊजींनी गिटार खाली केली आणि वाट बघत उभे राहिले.

“झक्कास!” हे म्हणाले. “आवाज कापला ना शेवटी, ते तर फारच झकास. लोक रडतात असल्याने.” अंगठ्याने त्यांनी व्हिडिओ मागे नेला, पुढे नेला. “फक्त लांबतंय जरा. हे सायकलवाल्याचं कडवं आहे ना, तिथे लोक सोडून जातील. कोण आहे रे तो?”

भाऊजींनी भावाकडे नीट बघितलं. मग गिटार पिशवीत घातली, चेन शेवटपर्यंत ओढली.

“होता एक,” ते म्हणाले.

“मग कापतो,” असं म्हणून ह्यांनी ते कडवं तिथल्या तिथे उडवलं.